आपत्ती ओसरते, आजार मागे राहतो

२०२५ च्या फेब्रुवारी महिन्यात धाराशिव जिल्ह्यातील ढोकी गावात कावळे मरून पडू लागले. एरवी मेलेल्या कावळ्याकडे कोण लक्ष देतो? पण एकामागून एक पक्षी पडू लागल्यावर बाब पशुसंवर्धन विभागापर्यंत गेली. नमुने तपासले गेले आणि बर्ड फ्लूचे निदान झाले. गावाभोवतीचा दहा किलोमीटरचा परिसर सतर्कता क्षेत्र ठरला. त्याच हिवाळ्यात, महिनाभर आधी, लातूर जिल्ह्यातील उदगीरलाही कावळे असेच मेले होते.

ढोकीत तेव्हा ना भूकंप झाला होता, ना पूर आला होता. तरीही या लेखाची सुरुवात त्या कावळ्यांपासून करावीशी वाटते. संकट पुष्कळदा आधी निरोप धाडते. तो निरोप कोणी वाचला आणि योग्य ठिकाणी पोहोचवला, तर संकट लहान राहते. मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नये, मुलांना त्यापासून दूर ठेवावे, कोंबडी कापणाऱ्याने हात साबणाने धुवावेत आणि मांस आतपर्यंत नीट शिजवून खावे. एवढ्या साध्या गोष्टींनी मोठा धोका टळतो.

ढोकी हे लातूर–कुर्डुवाडी रेल्वेमार्गावरचे गाव. तेरणा साखर कारखान्यामुळे त्याचे नाव दूरवर माहीत झाले. तेरणेच्या काठचे तेर तिथून जवळच. या परिसरातल्या पन्नाशीच्या माणसाला विचारा. त्याने ऐन तारुण्यात १९९३ चा भूकंप पाहिला. २०१६ मध्ये लातूरची तहान भागवायला निघालेली पाण्याची रेल्वे याच मार्गाने जाताना पाहिली. आणि २०२५ च्या सप्टेंबरात याच जिल्ह्यातील परंडा, भूम भागांत लोक पुरात अडकल्याचे ऐकले. भूकंप, दुष्काळ आणि पूर, तिन्ही एकाच आयुष्यात.

या तिन्ही आपत्तींची जीव घेण्याची रीत वेगळी. मात्र त्या मागे ठेवून जातात तो आजार बराचसा सारखा असतो. घाण पाणी, दाटीवाटीचा निवारा, उंदीर, डास, तुटलेली औषधे आणि उडालेली झोप यांतून तो येतो. पहिली आपत्ती आपल्या हातात नसते. ही दुसरी बऱ्याच अंशी आपल्या हातात असते.

किल्लारीच्या ढिगाऱ्याखाली

३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे. गणेश विसर्जन आटोपून गावे नुकतीच झोपली होती. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूर यांसह अनेक गावे काही क्षणांत मातीला मिळाली. सरकारी नोंदीनुसार जवळपास आठ हजार माणसे गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचे ओझे. जे घर उन्हाळ्यात गारवा देत होते, तेच छातीवर कोसळले. त्यात पाऊस सुरू झाला आणि मदतकार्य आणखी अवघड झाले.

तेव्हा सगळीकडे एक भीती पसरली होती. प्रेते कुजतील आणि साथ येईल! त्या भीतीपोटी अनेक ठिकाणी सामुदायिक अंत्यसंस्कार घाईने उरकले गेले. कोण कुठे गेले, याचा पत्ता कित्येकांना शेवटपर्यंत लागला नाही.

ही भीती बहुतांशी चुकीची होती. इजा होऊन मेलेल्या माणसाच्या देहातून साथ पसरत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो माणूस मरताना आजारी नव्हता, जखमी होता. पटकी किंवा तशा संसर्गजन्य रोगाने मृत्यू झाला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे आरोग्य खात्याच्या सूचना पाळल्याच पाहिजेत. एरवी देह उचलणाऱ्यांनी हातमोजे घालावेत, साबणाने हात धुवावेत आणि देह पिण्याच्या पाण्याच्या जागेपासून दूर ठेवावेत. तेवढे पुरते.

आपल्या घरांसाठी ही माहिती फार मोलाची आहे. मय्यतीला गुस्ल, कफन, नमाज-ए-जनाजा आणि स्वतःची कबर मिळावी, ही प्रत्येक मुसलमान कुटुंबाची इच्छा असते. साथीच्या भीतीने तो हक्क सोडून देण्याचे कारण नाही. दफनापूर्वी चेहऱ्याचे छायाचित्र घ्यावे, अंगावरच्या खुणा आणि वस्तू लिहून ठेवाव्यात, कबरीला क्रमांक द्यावा. पाणीच नसेल तर काय करावे, हा मसला आपल्या आलिमांना आधीच विचारून ठेवावा. ज्याला आपल्या माणसाची कबर सापडते, त्याचे दुःख निदान वाट चुकत नाही. तेही आरोग्यच आहे.

वर्षाने आलेला पाहुणा

भूकंपाला वर्ष पुरे व्हायच्या आत, १९९४ च्या ऑगस्टमध्ये, शेजारच्या बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. पुढच्याच महिन्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगने हाहाकार उडवला आणि लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडू लागले.

बीडच्या साथीचा संबंध काही अभ्यासकांनी भूकंपाशी जोडला. हादऱ्यांच्या भीतीने लोक घराबाहेर राहू लागले. आत साठवलेले धान्य तसेच पडून राहिले. उंदरांना आयते कोठार मिळाले आणि उंदरांबरोबर पिसवा वाढल्या, असे त्यांचे म्हणणे. साथ भूकंपामुळेच आली की नाही, हा वाद तज्ज्ञांचा. आपल्यासाठी धडा स्पष्ट आहे. पडक्या घरातले धान्य, खरकटे आणि मेलेली जनावरे लवकर हलवली पाहिजेत. उंदीर एकाएकी मरून पडू लागले, तर ढोकीच्या कावळ्यांप्रमाणेच तोही एक निरोप समजावा आणि आरोग्य केंद्राला कळवावे.

साथीच्या गावात जाऊ नये आणि तिथे असाल तर पळून बाहेर पडू नये, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. हजरत उमर (रजि.) शामच्या वाटेवर होते. पुढे प्लेग असल्याचे कळताच त्यांनी सल्लामसलत केली आणि काफिला माघारी फिरवला. खबरदारी घेणे म्हणजे तकदीर नाकारणे नव्हे, हे त्यांनी आपल्या कृतीने दाखवून दिले.

पाणी कमी पडले, पाणी जास्त झाले

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे पाणी घेऊन लातूरला आली. पहिल्या फेरीला दहा वाघिणी होत्या, पुढे पन्नास झाल्या. त्याआधी पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून लातूरमध्ये जमावबंदीचा आदेश काढावा लागला होता.

दुष्काळात माणूस तहानेने क्वचितच मरतो. पण पाणी कमी पडले की आधी काटकसर होते ती हात धुण्यात, अंघोळीत आणि भांडी विसळण्यात. मग खरूज येते, जुलाब येतात, डोळे येतात. टँकरचे पाणी आठ-आठ दिवस पिंपात साठवले जाते आणि त्या उघड्या पिंपात डेंग्यूचा डास अंडी घालतो. म्हणूनच आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून, घासून, कोरडी करायची. फेकता न येणारे पाणी घट्ट झाकायचे किंवा कापड बांधायचे. कमी पाण्यातही शौचानंतर आणि स्वयंपाकापूर्वी हात साबणानेच धुवावेत. बाकी कुठेही काटकसर करावी, इथे करू नये. वजूसाठी नळ मोकळा सोडण्याऐवजी लहान बदना वापरला तर पुष्कळ पाणी वाचते. वाहत्या नदीच्या काठीही पाणी वाया घालवू नये, ही तर आपली जुनी शिकवण.

पुरात उलटे घडते. पाणीच पाणी, आणि पिण्याजोगे एक तांब्याही नाही. शौचखड्डा, गोठा, उकिरडा आणि विहीर सगळे एक होते. जुलाब, कावीळ आणि विषमज्वर यांची वाट इथूनच सुरू होते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाणी ओसरल्यानंतर शहरात लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. हा रोग उंदरांच्या व जनावरांच्या मुतातून पाण्यात उतरतो आणि पायाच्या जखमेतून शरीरात शिरतो. म्हणून पुराच्या पाण्यात अनवाणी उतरू नये. पायाला जखम असेल तर ती झाकावी. पाण्यातून चालल्यानंतर ताप, अंगदुखी आणि पोटऱ्यांत दुखणे सुरू झाले, तर दुकानातून गोळी आणून दिवस काढू नयेत. डॉक्टरांना दाखवून ‘मी पुराच्या पाण्यात उतरलो होतो’ हे आवर्जून सांगावे.

एका तांब्यातले औषध

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकीने माणसे पटापट मरू लागली. शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर आणि मिठाचे पाणी पिंपांत भरून ठेवले आणि ते रुग्णांना पाजायला नातेवाइकांनाच शिकवले. तीस टक्क्यांच्या आसपास गेलेले मृत्यू चार टक्क्यांच्या खाली आले. आज दुकानात मिळणारी ओआरएसची पुडी त्याच कामाची आठवण आहे.

या गोष्टीत औषधाइतकाच महत्त्वाचा आहे तो नातेवाईक. संकटात डॉक्टर घरोघर पोहोचू शकत नाही. आई, आजी, थोरली बहीण मात्र घरातच असते. तिला ओआरएस करता आले पाहिजे.

पुडी असेल तर ती पुडीवर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात पूर्ण घालावी. मोठी पुडी साधारणपणे एक लिटरची असते. अर्धी पुडी अंदाजाने घालू नये. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. बाळाला चमच्याने, मोठ्याला पेल्याने, थोडे थोडे पण सारखे द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे. आईचे दूध बंद करू नये. जुलाब होणाऱ्या मुलांना आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या झिंकच्या गोळ्या जुलाब थांबले तरी १४ दिवस पुऱ्या कराव्यात. मूल सुस्तावले, डोळे खोल गेले, लघवी बंद झाली किंवा शौचात रक्त दिसले, तर घरगुती उपायांवर वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

आधी: कोरड्या दिवसांतली कामे

हजरत यूसुफ (अ.) यांच्या हकिकतीत दुष्काळाची सात वर्षे येण्याआधी सुगीची सात वर्षे आहेत, आणि खरे काम त्या सुगीच्या वर्षांतच झाले. आपत्तीतले आरोग्यही असेच आधी साठवावे लागते.

घरासाठी एक पिशवी तयार ठेवावी. तिच्यात पुढील वस्तू असाव्यात :

• रक्तदाब, मधुमेह, दमा, फिट्स यांची निदान पंधरा दिवसांची औषधे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत
• ओआरएसच्या पुड्या, साबण, पाणी शुद्ध करण्याच्या क्लोरीनच्या गोळ्या
• सॅनिटरी पॅड किंवा स्वच्छ सुती कापड, बाळाचे कपडे
• बॅटरी, जास्तीचा चष्मा, मुलांचे लसीकरण कार्ड, आधार व रेशनकार्डाच्या प्रती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून

लसीकरणाबद्दल थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी आणि मालेगावात गोवरची साथ आली आणि लहान मुले दगावली. यात आपल्या वस्त्या मोठ्या प्रमाणात होत्या. निवारा केंद्रातील एका खोलीत पन्नास मुले झोपू लागली, की गोवर वणव्यासारखा पसरतो. तेव्हा धावाधाव करण्यापेक्षा आजच कार्ड काढून बघावे की कुठला डोस राहिला आहे. मोठ्यांचे धनुर्वाताचे इंजेक्शनही विसरू नये. ढिगारा उपसताना गंजका पत्रा लागतोच.

गावासाठी काय करता येते? महाराष्ट्रात ग्रामपंचायतींना पाण्याच्या स्थितीनुसार हिरवे, पिवळे, लाल कार्ड दिले जाते. आपल्या गावाला कोणते मिळाले, हे ग्रामसभेत विचारावे. टीसीएल पावडर शिल्लक किती, ती कोरड्या जागी बंद डब्यात ठेवली आहे की नाही, हेही पाहावे. जुनी, दमट पावडर निव्वळ चुना होऊन जाते. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेले वृद्ध आहेत, कुणाचे डायलिसिस चालू आहे, कुणाचे दिवस भरत आले आहेत, याची यादी आशाताईंकडे असते. मोहल्ल्यातल्या दोन-तीन जाणत्या बायकांनाही ती माहीत असावी.

आपत्ती सुरू असताना

मस्जिदीचा लाउडस्पीकर अशा वेळी फार उपयोगी पडतो. ‘आज विहिरीचे पाणी पिऊ नका, उकळूनच प्या’ हे एक वाक्य पाच मिनिटांत साऱ्या गावाला कळते. ते मराठीतही सांगावे आणि सर्व समाजांसाठी सांगावे. पाणी खळखळून उकळले की निदान एक मिनिट तसेच उकळू द्यावे, झाकून गार करावे आणि ओगराळ्याने काढावे. पेल्याचा हात हंड्यात बुडवू नये.

निवाऱ्यात स्त्रियांची अडचण बहुधा कोणी बोलून दाखवत नाही. शौचालय दूर, अंधारे किंवा पुरुषांच्या रांगेजवळ असेल, तर बायका दिवसभर पाणी पिणे टाळतात. त्यातून लघवीचा दाह, ताप आणि गरोदर बाईला चक्कर. म्हणून स्त्रियांसाठी वेगळे, दिवा असलेले, आतून कडी लागणारे शौचालय ही पहिल्या दिवसाची गरज आहे. ती सोय नाही म्हणून परदा पाळणारी कुटुंबे पडक्या घरातच थांबतात, आणि तिथे जीव जातो. पाजणाऱ्या आईला आडोसा द्यावा. मदत म्हणून दूध पावडरचे डबे वाटू नयेत. घाण पाण्यात कालवलेले ते दूध बाळाला आजारी पाडते.

वीज गेली तर इन्सुलिनची बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पाण्याने ओलसर ठेवलेल्या मातीच्या माठात ठेवावी. पुरात साप घरात शिरतात. साप चावल्यास जखम कापू नये, चोखू नये, दोरी आवळू नये. चावलेला हात किंवा पाय न हलवता १०८ वर फोन करून रुग्णाला सरकारी रुग्णालयात न्यावे. झाडफुंकीत गेलेला एक तास परत येत नाही.

नंतर: लांबचा रस्ता

पाणी ओसरले की विहिरीचा गाळ काढून टीसीएल टाकावी लागते. एरवीचे माप हजार लिटरला सुमारे अडीच ग्रॅम. पुरानंतरच्या गढूळ पाण्याला जास्त लागते. पावडर थेट विहिरीत टाकू नये. बादलीत कालवून चुना तळाशी बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणी विहिरीत सोडावे. तासभराने ओटी चाचणीत पाणी पिवळे दिसले तर क्लोरीन पोहोचले. हे ग्रामपंचायतीचे काम खरे, पण ते झाले की नाही हे बघणे आपले काम.

शरीर सावरते, मन मागे राहते. मराठवाड्यातील भूकंपग्रस्तांच्या मनावर काय परिणाम झाला, याचा अभ्यास इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चने केला होता. रात्री दचकून उठणे, छपराखाली झोपायला घाबरणे, कशातच मन न लागणे हा ईमानाचा कमकुवतपणा नव्हे आणि आसेबही नव्हे. दुआ करावी, सोबत बसावे, बोलते करावे. महिना उलटला तरी सुधारणा नसेल तर डॉक्टरांकडे न्यावे.

या भागाने एक गोष्ट मात्र कमावली. भूकंपानंतर अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावोगावच्या स्त्रियांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केले. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेसोबत घरबांधणीत उभ्या राहिलेल्या लातूर-उस्मानाबादच्या बायका २००१ च्या भूकंपानंतर कच्छला गेल्या आणि तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगितला. ज्यांच्या घरावर माळवद कोसळले होते, त्याच दुसऱ्यांना धीर द्यायला निघाल्या.

आपल्या समाजातही असे उदाहरण आहे. २०२० च्या ईदला इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने जकात आणि देणग्यांतून ३६ लाख रुपये उभे केले आणि तिथल्या आयजीएम या सरकारी रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभारून दिला. तिथे कुणाला मजहब विचारला गेला नाही. प्रत्येक गावाला एवढे जमणार नाही. पण एक क्लोरीनचा डबा, शंभर ओआरएसच्या पुड्या आणि मदरशाच्या एका खोलीची किल्ली कुणाकडे आहे, एवढे ठरवणे कोणत्याही जमातीला जमेल.

येत्या जुम्म्याला नमाजनंतर दहा मिनिटे बसा. घरच्या बायकांनाही विचारा, कारण हंडा, औषध आणि बाळ त्यांच्याच हातात असते. विहीर, यादी, पिशवी, या तीन गोष्टींवर बोला. आणि अंगणात मेलेला कावळा दिसला, तर तो कुंपणापलीकडे भिरकावून देऊ नका. त्याची खबर द्या. अल्लाह आपणा सर्वांना, आपल्या शेजाऱ्यांना आणि आपल्या गावाला आफतीपासून सुरक्षित ठेवो, आणि तयारी करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.